धरावे घट्ट, धरावे हळुवार : क्लचची कुळकथा

मोटार चालवणाऱ्याच्या डाव्या पायाशी एक पेडल असते. ते दाबले की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो, सोडले की जुळतो. हे क्लचचे पेडल. क्लचला दोन कामे करावी लागतात, आणि गंमत अशी की ती एकमेकांच्या उलट आहेत. गाडी धावत असताना त्याने इंजिनाचा जोर घट्ट धरायचा. पण गाडी जागची हलताना मात्र थोडे घसरत, हळुवार धरायचे. क्लचचा सारा इतिहास म्हणजे या दोन कामांतली ओढाताण आहे.

इंजिनावर चालणारी जुनी पिठाची गिरणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन समजेल. गिरणीवाला पट्टा मोकळ्या पुलीवरून पक्क्या पुलीवर सरकवी आणि जाते फिरू लागे. जर्मनीतल्या कार्ल बेंझने १८८६ साली ज्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तिच्यातही हीच युक्ती होती.

पुढे इंजिनांचा जोर वाढला, आणि पट्टा पुरेना. मग चामडे मढवलेला शंकू आला. फ्लायव्हीलच्या खोलगट पोटात स्प्रिंग हा शंकू दाबून बसवी. पण चामड्याचा स्वभाव मोठा लहरी! वाळले की एकदम पकडी, आणि गाडी बुजलेल्या बैलासारखी उसळे. तेल जास्त झाले की नुसते घसरे. तेव्हा इंग्लंडात प्राध्यापक हेले-शॉ यांनी पातळ प्लेटांची चवड वापरून पाहिली. एका मोठ्या पृष्ठभागाऐवजी अनेक लहान पृष्ठभागांनी जोर वाटून घ्यायचा, हा त्यातला विचार. अमेरिकेत बोर्ग अँड बेक कंपनीने एकाच कोरड्या प्लेटचा क्लच रूढ केला, आणि आज बहुतेक गाड्यांत त्याचीच वंशावळ दिसते.

प्लेटवरच्या लायनिंगचीही एक कथा आहे. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ साली घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी ठोकळे बनवायला सुरुवात केली. त्यातून फेरोडो कंपनी उभी राहिली. पुढे लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस आले. ते उष्णता सोसते म्हणून सर्वांना आवडले. पण त्याची धूळ कामगारांच्या आणि मेकॅनिकांच्या फुप्फुसांत जाऊन जीवघेणे रोग झाले. ब्रिटनने १९९९ साली त्यावर बंदी घातली. म्हणून जुन्या गाडीचा क्लच उघडताना ती धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये.

आता जोरदार गाडीकडे वळू. १९६४ साली अमेरिकेत पाँटिअॅक जीटीओ ही गाडी आली. रस्त्यावरची साधी मोटार, पण इंजिन ३२५ अश्वशक्तीचे! फिरवण्याचा जोर, ज्याला मेकॅनिक टॉर्क म्हणतात, सुमारे ५९ किलोग्रॅम-मीटर. असा जोर धरायला क्लच कसा हवा? शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. स्प्रिंगचा दाब ५०० किलो, घर्षणाचा अंक ०.३, सरासरी त्रिज्या ०.१ मीटर, आणि प्लेटच्या बाजू दोन. चारांचा गुणाकार केला की उत्तर येते ३० किलोग्रॅम-मीटर. म्हणजे असा क्लच जीटीओत बसवला, तर पूर्ण जोर लावताच तो घसरेल, तापेल आणि जळेल.

मग वाढवायचे काय? गुणाकारातले अंक चार, म्हणून वाटाही चारच. स्प्रिंग कडक केली तर पाय दुखतो, आणि दर दाबणीला इंजिनातल्या बेअरिंगवर भार येतो. सिरॅमिकच्या किंवा भाजलेल्या धातुचूर्णाच्या पट्ट्या लावल्या तर तापल्यावरही पकड टिकते; पण त्या एकदम धरतात, आणि गर्दीत गाडी हिसके खाते. प्लेट मोठी केली तर ती जड होते, गिअर पडायला वेळ लागतो, आणि मुळात तिला जागाही लागते. दोन प्लेटा घातल्या तर चार बाजू मिळतात आणि पेडल हलके राहते. मात्र खर्च वाढतो, खडखडही होते. पाहा, हेले-शॉ यांचा जुना विचारच नव्या रूपात परत आला!

स्प्रिंगच्या बाबतीत मात्र एक चांगला तोडगा निघाला. अनेक वेटोळ्या स्प्रिंगांऐवजी उथळ ताटलीसारखी एकच चकती. जनरल मोटर्सने ती १९३०च्या दशकात वापरात आणली. युरोपात जर्मनीच्या लुक कंपनीने १९६५ साली ती रूढ केली. पेडल पूर्ण दाबत गेले की तिचा विरोध कमी होतो, म्हणून पायाला आराम मिळतो.

तेव्हा जोरदार गाडीसाठी क्लच निवडताना सर्वांत मोठा आकडा शोधू नये. इंजिनाचा खरा टॉर्क पाहावा, त्यावर थोडी शिल्लक ठेवावी आणि तिथे थांबावे. अति घट्ट क्लच घसरत नाही हे खरे. पण मग हिसका थेट गिअरांवर आणि अॅक्सलवर जातो, नि तिथला दात तुटला की खर्च कितीतरी पटींनी वाढतो. इंजिन फार वेगाने फिरवायचे असेल, तर बिडाचे जुने फ्लायव्हील बदलून पोलादी बसवावे. अतिवेगाने बीड फुटले, तर त्याचे तुकडे थेट चालवणाऱ्याच्या पायांवर येतात.

शर्यतीच्या गाडीला सुटायचे असते क्षणभर. आपल्या गाडीला बाजारातून वाट काढायची असते, आणि चढणीवर थांबून पुन्हा निघायचे असते. त्या चढणीवर जो क्लच गाडी मागे न घसरवता, हिसका न देता पुढे नेतो, तोच आपल्या उपयोगाचा.