इंग्रजी कागदांतील प्रयोग व कर्त्याचा निर्णय

मराठ्यांच्या इतिहाससाधनांत सुरत व मुंबई येथील इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांस मोठें स्थान आहे. त्यांतील तारखा व नांवें यांची छाननी संशोधक कसोशीनें करितात. क्रियापदांच्या प्रयोगाकडे मात्र तितकें लक्ष जात नाहीं. वस्तुतः एखाद्या कृत्याचा कर्ता कागद सांगतो कीं नाहीं, हें पुष्कळदां प्रयोगावरूनच ठरतें.

इंग्रजींत कर्ता उद्देश्य असतां प्रयोग कर्तरि होतो. कर्म उद्देश्य होऊन 'बी' या सहायक धातूच्या रूपापुढें मुख्य धातूचें भूतकालवाचक धातुसाधित आलें, म्हणजे प्रयोग कर्मणि. अशा वाक्यांत कर्ता 'बाय' या शब्दानें जोडतां येतो. पण गाळला तरी वाक्य अपुरें राहत नाहीं. उदाहरणादाखल 'द टाउन वॉज बर्न्ट' हें वाक्य घ्यावें. 'शहर जाळलें गेलें', इतकेंच तें सांगतें. इ. स. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीसंबंधीं असें वाक्य आढळल्यास भाषांतरकार सहज 'मराठ्यांनीं शहर जाळलें' असें लिहून जाईल. तें खरेंहि असेल. परंतु तो कर्ता कागदानें दिलेला नव्हे. पुढील लेखक भाषांतरावर विसंबतो, आणि अनुमान पुराव्याच्या पंक्तीस जाऊन बसतें.

या चुकीचें बीज मराठीच्या घडणींत आहे. 'राजांनीं किल्ला घेतला' हें आपलें साधें वाक्यच कर्मणि; क्रियापद किल्ल्याच्या लिंगवचनाप्रमाणें चालतें, तरी तृतीयेंतील कर्ता अग्रभागींच राहतो. त्याचा अर्थ इंग्रजींत सरळ कर्तरीनें येतो. मराठींत प्रयोग अन्वयावरून ठरतो, इंग्रजींत क्रियापदाच्या रूपावरून. संज्ञा एक असली तरी कार्य एक नव्हे. कर्ता मोघम ठेवणारें जुनें कर्मणि रूप आपल्याकडेहि होतें. पत्राखेरचें 'जाणिजे' त्याच घराण्यांतलें. 'पाहिजे' व 'म्हणजे' हे त्याचे आज उरलेले वंशज होत.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. अठराव्या शतकांतील इंग्रजींत 'द शिप इज बिल्डिंग' याचा अर्थ 'जहाज बांधलें जात आहे' असा होई. रूप कर्तरीचें, अर्थ कर्मणीचा. इ. स. १७५५ च्या आपल्या कोशास जोडलेल्या व्याकरणांत जॉन्सननें ही रचना सदोष ठरविली व ती 'अ-प्रिंटिंग' अशा जुन्या रचनेचा अपभ्रंश असावी असें सुचविलें. 'इज बीइंग बिल्ट' ही आज सर्वमान्य असलेली रचना त्या शतकाच्या अखेरीस दिसूं लागली, इ. स. १८६० त प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतहि जॉर्ज पर्किन्स मार्श यानें तिच्यावर टीका केली आहे. म्हणून मूळ इ. स. १७०० चें असल्याचें सांगणाऱ्या नकलेंत ही रचना आढळल्यास, नकलकारानें भाषा सुधारली काय, अशी शंका अवश्य घ्यावी. एवढ्यावरून कागद बनावट ठरत नाहीं. मात्र इतर प्रमाणें पाहण्याची गरज उत्पन्न होते.

तात्पर्य, भाषांतरांत मुळांतील निष्कर्तृक वाक्य निष्कर्तृकच ठेवावें. कर्ता अन्य साधनांवरून निश्चित झाला असल्यास तो चौकोनी कंसांत घालावा, म्हणजे कागदाचें बोलणें कोणतें व संशोधकाचें कोणतें, हें वाचकास निराळें ओळखतां येईल.