डोहाळजेवणाच्या आधी

आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. फुलांचे दागिने घालतात, ओटी भरतात, पेढा की बर्फी ते विचारतात. पण बाळाचा मेंदू ज्या नळीपासून होतो ती गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच मिटते. तेव्हा पुष्कळदा त्या बाईलाही काही ठाऊक नसते!

यावर जे औषध निघाले त्याचा उगम आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई तेथे आल्या. गिरणीतल्या गरोदर बाया पांढऱ्याफटक पडत, दगावतही. परळच्या हाफकिन संस्थेत विल्सबाईंनी गरीब बायांचे जेवण कसे असते ते पाहिले व तसेच माकडांना दिले. माकडेही तशीच खंगली, आणि यीस्टचे मार्माइट नावाचे काळे, खारट सत्त्व दिल्यावर सुधारली. बायांनाही ते लागू पडले. १९३१ मध्ये हे छापून आले. त्यातले गुणकारी द्रव्य, म्हणजे फॉलिक ॲसिड, १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. पुस्तकांत विल्सबाईंचे नाव आहे. त्या गिरणीवाल्यांची नाहीत.

पुढे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची पाहणी केली. पाणी भरणे, शेतीची कामे फार, त्यांची बाळे वजनाने कमी. पालेभाजी, दूध खाणाऱ्यांची बरी. मुले नऊ वर्षांची झाल्यावर दिसले की, ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते त्यांची मुले लक्ष देण्यात व आठवणीत मागे पडली. हॉलंडात १९४४-४५ च्या उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला, ती माणसे साठीच्या उंबरठ्यावरही लक्षाच्या परीक्षेत कमी ठरली.

माझ्या पहिल्या खेपेला गोळ्या मिळाल्या होत्या. गोळ्यांनी मूल काळे होते म्हणून त्या घरात फळीवरच राहिल्या. लेक सुखरूप आहे, देवाची कृपा. यंदा तिचे लग्न झाले. दिवस राहायची वाट न पाहता मी तिला डॉक्टरांकडे नेले. गोळ्या चालू आहेत. बी-१२ मासळीत असते व फॉलिक ॲसिड पाल्यात, हे तिला पटते. पण सुकट आणि शेवग्याचा पाला पाहिला की नाक मुरडते, त्यावरून आमचे रोज वाजते.