लातूरचा वकील

शिंका येताहेत? येणारच. लातूरच्या गंजात पोत्यांच्या थप्प्यांमध्ये उभे आहात तुम्ही. तुरीची धूळ उडतेय, तिच्यात हमालांच्या घामाचा दर्प मिसळलाय. काळ हैदराबादच्या निजामाचा आहे; लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातच आहे. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी शिट्टी मारत येते आणि अख्खा बाजार तिकडे वळतो. खिशातले इंग्रजी रुपये खिशातच राहू द्या; इथं निजामाचा हाली सिक्का चालतो.

तो दाढीवाला वकील नीट पाहून ठेवा. कासिम रझवी. अलीगढला कायदा शिकून आलाय, इथं वकिली थाटलीय. जीभ भलती धारदार. 1946मध्ये तो इत्तेहादुल मुसलमीन या निजामसमर्थक संघटनेचा अध्यक्ष होतो, आणि तिच्या रझाकारांची खाकी फौज त्याच्या शब्दावर चालू लागते.

आता 1948च्या पावसाळ्यात, नळदुर्गच्या अलीकडच्या एखाद्या गावात शिरा. पाय चिखलात रुततात, ओल्या घोंगडीचा वास डोक्यात जातो. दिवेलागण झाली तरी दिवा लावू नका. आतल्या खोलीत बाई चुलीशेजारची जमीन उकरतेय. डोरलं फडक्यात बांधलंय, ते पुरून वर शेण सारवायचंय. बाहेर गडी बैलांच्या गळ्यातल्या घाटी काढतोय. चाकांना वंगण घाला, दोनदा घाला! करकरलं तर रझाकार येतील. भाले, तलवारी, भरमार बंदुका, पेटते पलिते. पोराच्या तोंडावर हात ठेवा आणि भारतातल्या सोलापूरची हद्द गाठा.

13 सप्टेंबरची पहाट. सोलापूरकडून घरघर येते, तळपायाखालची माती थरथरते. निजामाच्या राज्यात शिरणाऱ्या भारतीय फौजेचे रणगाडे बोरी नदीवरचा पूल ओलांडतात, नळदुर्ग पडतो. पाच दिवसांत निजाम शरण येतो, पाठोपाठ रझवीला अटक होते. माणसं रस्त्यावर येऊन गुलाल उधळतात, तुम्हीही उधळा.

पण लगेच परत फिरू नका. शेजारच्या गल्लीतून जळक्या गवताचा वास येतोय. ज्यानं कधी भाला हाती धरला नाही, त्या मुसलमान विणकराचं घर सुडापोटी पेटवलंय. आता त्याची बायको पोराच्या तोंडावर हात ठेवून ज्वारीत दबा धरून बसलीय. पुढं पंडित सुंदरलाल यांची चौकशी समिती सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव लिहील. रझवी मात्र 1957मध्ये तुरुंगातून सुटेल, पाकिस्तानात जाईल आणि 1970मध्ये कराचीत मरेल.