होडीतली बॅटरी आणि तिची भूक

१ जूनला मासेमारी बंद झाली की गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या पट्ट्यातल्या होड्या वर ओढल्या जातात. ३१ जुलैपर्यंत समुद्र त्यांना मना. या दोन महिन्यांत जाळी दुरुस्त होतात, इंजिनाचे तेलपाणी होते. आणि बॅटरी? ती उतरवून पडवीत ठेवली, की संपले.

आमच्या ओळखीच्या एका तांडेलांनी असेच केले. बॅटरी अर्धीअधिक उतरलेली होती. ऑगस्टात त्यांनी कुणाचा तरी ट्रकचा जुना चार्जर आणून रात्रभर लावला. सकाळी बॅटरी हाताला चटके देत होती, वास सुटला होता. पण दिवे लागले, म्हणून होडीवर नेली. तिसऱ्या रात्री भर समुद्रात दिवे गेले, मासळी शोधायचे यंत्र गेले आणि इंजिनही सुरू होईना. शेजारच्या होडीने दोर टाकून ओढून आणले म्हणून बरे. “मास्तर, बॅटरीच खोटी निघाली हो!” ते म्हणाले. बॅटरी खोटी नव्हती. तिचे दोन महिने उपासात गेले होते आणि नंतर तिला एकदम बकाबका भरवले होते.

हे समजायला थोडे मागे जाऊ. १८३८ साली याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने रशियातल्या नेवा नदीवर विजेवर होडी चालवून दाखवली. पण त्याच्या घटांतले जस्त वीज देता देता झिजून जाई. चुलीतल्या लाकडासारखे, एकदा जळले की संपले. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड घालून, चटईसारखे गुंडाळले आणि पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडवले. या घटात वीज भरता येई, काढता येई आणि पुन्हा भरता येई. गंमत पाहा, बॅटरी जन्मली पण तिला भरायला धड यंत्र नव्हते! प्लांते तिला दुसऱ्या घटांवरूनच भरत असे. चार्जरचा प्रश्न बॅटरीइतकाच जुना आहे तो असा.

पुढे १८८१ साली फोर याने पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप दिला. साठा पुष्कळ वाढला. तोवर डायनॅमोही आला होता. १८८२ साली लंडनच्या थेम्स नदीवर अशा बॅटऱ्यांवर होडी धावली. त्या दशकाच्या अखेरीस तर इमिश नावाच्या उद्योजकाने नदीत तरंगते तराफेच उभे केले. त्यांवर वाफेचे इंजिन आणि डायनॅमो. दिवसभर फिरलेल्या होड्या तिथे येऊन रात्री वीज भरून घेत. घाई नाही, रात्रभर सावकाश. मला तर ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते.

आता घटाच्या आत काय चालते ते पाहू. वीज काढली की पत्र्यांवर शिशाचा एक पांढरट क्षार बसतो. वीज भरली की तो परत विरघळतो. पण बॅटरी उतरलेलीच पडून राहिली तर त्या क्षाराचे टणक खडे होतात. मग ते चार्जरला दाद देत नाहीत. तांडेलांच्या पडवीत नेमके हेच घडले.

मोटारीची बॅटरी पातळ पत्र्यांची असते. क्षणभर जोराचा धक्का देऊन इंजिन फिरवायचे, एवढेच तिचे काम. रात्रभर दिवे आणि यंत्रे चालवायची तर जाड पत्र्यांची, खोलवर उतरणे सोसणारी बॅटरी लागते. तीही निम्म्याच्या खाली वारंवार उतरवू नये.

चार्जर घेताना बॅटरीवरचा आकडा वाचा. पाण्याची, शंभर अँपियर-तासांची बॅटरी असेल तर साधारण दहा अँपियरचा चार्जर पुरतो. ट्रकसाठी बनवलेला दांडगा चार्जर लहान बॅटरीला लावला तर पाणी उकळते आणि पत्रे वाकतात. चांगला चार्जर आधी भरभर वीज देतो, मग १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब १४.४ च्या आसपास धरून प्रवाह हळूहळू कमी करतो आणि शेवटी १३.५ च्या सुमारास नुसती राखण करतो. जुना चार्जर हे जाणत नाही. तो थांबतच नाही. आपल्याकडच्या उकाड्यात तर दाब किंचित कमीच हवा. गोठलेल्या आम्लाच्या, म्हणजे जेल बॅटरीला जास्त दाब दिला तर आत बुडबुडे अडकून ती कायमची बिघडते. अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या येतात, त्यांचा चार्जर वेगळाच. दुकानदार “सगळ्यांना चालतो” म्हणाला तरी चार्जरवर बॅटरीची जात लिहिली आहे का, हे स्वतः पाहावे.

भरताना हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ विडी पेटवू नये. आणि होडीच्या तळात साचणाऱ्या खाऱ्या पाण्यापासून बॅटरी उंचावर ठेवावी. खारे पाणी घटात शिरले तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. पाणबुडीतले खलाशी त्याची फार धास्ती घेत.

यंदा तांडेलांनी नवी बॅटरी घेतली आणि बंदी लागताच ती पूर्ण भरून, कोरडी पुसून, फळीवर ठेवली. दर पंधरवड्याला तपासायची आठवण कशी राहावी, असे मी विचारले. ते हसले. “अमावास्येला नि पुनवेला उधाण येतं, मास्तर. तेवढं आम्हांला कुणी सांगावं लागत नाही.”