सुप्रीम कोर्टापर्यंत जाताना : प्रस्तावना

भाईंदरच्या एखाद्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा तापली, की कोणीतरी उठून बजावतोच, "सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन!" या अभ्यासाला इथूनच सुरुवात करू या. शेवटचे अपील हा आपला हक्कच, असे तो गृहस्थ धरून चाललेला असतो. बहुतेक वेळा तसे नसते.

मार्च २०२५ मध्ये मीरा रोडला स्वतंत्र दिवाणी-फौजदारी न्यायालय सुरू झाले. तोवर तारखेसाठी ठाणे गाठावे लागे. समजा, जागेचा एक दिवाणी दावा इथे लागला. हरणारा ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात पहिले अपील करतो. तिथे साक्षीपुरावा पुन्हा तपासता येतो. मुंबई उच्च न्यायालयातल्या दुसऱ्या अपिलाला मात्र कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. त्यापुढे दिल्लीत मागायची ती संविधानाच्या अनुच्छेद १३६ खालची विशेष परवानगी, वकिलांच्या तोंडची 'एसएलपी'. अनेक अर्जांचा निकाल काही मिनिटांत लागतो. परवानगी मिळाली तरच अर्जाचे अपील होते. एका ओळीत नाकारली, म्हणून हायकोर्टाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले असे होत नाही. 'कुन्हायाम्मेद' खटल्यात २००० साली हे स्पष्ट झाले. बातम्यांचे मथळे हा फरक सर्रास गाळतात.

२८ जानेवारी १९५० रोजी सर्वोच्च न्यायालय संसद भवनाच्या एका दालनात बसू लागले, तेव्हा सरन्यायाधीश धरून आठ जणांची तरतूद होती. २०१९ मध्ये ती ३४ झाली. अमेरिकेत नऊही न्यायाधीश एकत्र बसतात. आपल्याकडे रोजचे काम दोन-तीन जणांच्या खंडपीठांत वाटलेले असते. संविधानाच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न आला तर किमान पाच जण लागतात. केशवानंद भारती खटल्यात, १९७३ साली, तेरा जण बसले आणि निकाल सात विरुद्ध सहा असा लागला. माझे मत विचाराल तर १३६चे दार सैल राहिले आणि न्यायाधीश वाढवत बसावे लागले.

नेमणुका कॉलेजियमच्या, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाच्या, शिफारशीने होतात. त्या जागी आयोग आणण्याचा प्रयत्न न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द ठरवला. निवृत्ती ६५व्या वर्षी आणि सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेने देण्याचा प्रघात, म्हणून यशवंतराव चंद्रचूडांना सात वर्षे मिळाली, उदय लळितांना ७४ दिवस. आपल्या जिल्ह्यापुरते सांगायचे तर अभय ओक यांनी १९८३ साली ठाण्याच्या न्यायालयात वकिली सुरू केली. २०२१ मध्ये ते दिल्लीत न्यायाधीश झाले.

कोणतेही निकालपत्र हाती आले की आधी पीठ किती जणांचे ते पाहावे; मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठाला डावलता येत नाही. पहिले प्रकरण प्रिव्ही कौन्सिलचे आहे, १९४९ पर्यंत आपली अपिले लंडनला जात त्या काळाचे. घाई असेल तर ते मागाहून वाचले तरी चालेल.