रस्त्यावर मांडलेला भूतकाळ

विसाव्या शतकातील वेषभूषेच्या इतिहासावरील सचित्र ग्रंथ चाळू लागले, की एक छायाचित्र हटकून समोर येते. पॅरिस शहरातील सीन नदीचा फरसबंद काठ. मागे अंधूक झालेले नदीचे दृश्य. आणि पुढे एक तरुणी. तिच्या अंगात कमरेशी घट्ट आवळलेले फिकट रेशमी जाकीट, खाली चुण्यांचा काळा घेरदार स्कर्ट, माथ्यावर पसरट टोपी आणि हातांत मोजे. हा पोशाख ख्रिश्चन दिओर याने १२ फेब्रुवारी १९४७ रोजी आपल्या पहिल्याच प्रदर्शनात मांडला. 'हार्पर्स बझार' या अमेरिकन मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांच्या उद्गारामुळे ही धाटणी पुढे 'न्यू लुक' या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. साहजिकच हे चित्रही १९४७ चेच असावे, असा पाहणाराचा समज होतो. परंतु विली मेवाल्ड या छायाचित्रकाराने ते घेतले १९५५ च्या सुमारास. म्हणजे तोवर जुना झालेला पोशाख पुन्हा बाहेर काढून, तो रेने नावाच्या मॉडेलच्या अंगावर चढवून आणि तिला नदीकाठी उभी करून, काही वर्षांपूर्वीचा काळ नव्याने मांडण्यात आला होता.

यात फसवणूक झाली, असे म्हणण्याचे कारण नाही. पोशाख खरा, नदी खरी, तरुणीही खरी. परंतु तीन खऱ्या गोष्टी एकत्र आणल्या म्हणजे त्यांतून सिद्ध होणारे दृश्य खरे ठरतेच असे नाही. १९४७ साली त्या शहराच्या रस्त्यांवर हा पोशाख कसा दिसला असता, हा प्रश्न म्हणूनच विचारावयास हवा.

त्या वर्षी पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून मुक्त होऊन जेमतेम अडीच वर्षे झाली होती. पाव अद्याप मापून मिळत होता. कोळशाची टंचाई होती. युद्धकाळात चामड्याच्या अभावी स्त्रियांनी लाकडी तळव्यांचे जोडे वापरले होते. इंग्लंडात तर १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांना कुपने लागत. आपल्याकडेही १९४३ पासून कापड आणि सूत यांवर सरकारी नियंत्रण आले होते. तेव्हा ही ओढाताण काय असते, हे मराठी घरांना निराळे सांगावयास नको. अशा दिवसांत दिओरच्या एकेका झग्याला कित्येक वार कापड लागे. त्याला भांडवल पुरविणारा मार्सेल बुसाक हा सुती कापडाचा मोठा कारखानदार होता, हेही येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

शिवाय ज्याला जगाने 'नवे' म्हटले, ते वस्तुतः जुनेच होते. आवळलेली कंबर, अस्तर घालून फुगविलेले नितंब, पोटऱ्यांखाली उतरलेला घेर, ही सारी धाटणी दिओरच्या आईच्या पिढीची, म्हणजे पहिल्या महायुद्धापूर्वीच्या संपन्न काळाची होती. दोन महायुद्धे मध्ये घडलीच नाहीत, असे जणू तो पोशाख सांगत होता.

त्याच वर्षी मोंमार्त्र भागातील र्‍यू लपिक या बाजाराच्या रस्त्यात असे कपडे घातलेल्या मॉडेलला छायाचित्रांसाठी नेण्यात आले. जुन्या पॅरिसचे ते चित्रमय वातावरण पार्श्वभूमीला शोभेल, असा हिशेब असावा. परंतु रस्ता हा काही रंगविलेला पडदा नव्हे. तेथील बायका त्या तरुणीवर धावून गेल्या आणि त्यांनी तिचे कपडे ओढून फाडले. त्या झटापटीची छायाचित्रेही निघाली. ज्यांना साध्या वस्त्राची भ्रांत होती, त्यांच्या दारात ही उधळपट्टी मिरवावी, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. परंतु तो जिच्या अंगावर कोसळला, ती तरुणी काही त्या कपड्यांची मालकीण नव्हती. तीही पोटासाठीच ते अंगावर वागवीत होती.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिचर्ड अ‍ॅव्हडन हा चोवीस वर्षांचा अमेरिकन छायाचित्रकार 'हार्पर्स बझार'साठी पॅरिसला आला. प्लास द ला काँकोर्द या विशाल चौकात दिओरचा स्कर्ट घातलेली तरुणी गर्रकन वळते आहे, असे त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. पुढल्या वर्षी मारे भागात त्याने बालेन्सियागाच्या पोशाखातील मॉडेलला रस्त्यावर कसरती करणाऱ्या डोंबाऱ्यांच्या शेजारी उभे केले. त्याच्या चित्रांतील पॅरिस आनंदी, खेळकर, भरल्या पोटाचे आहे. ते शहर त्या वेळी तसे नव्हते. पण तसे व्हावे, ही इच्छा मात्र खरी होती. या इच्छेची किंमत कमी लेखता येत नाही. शिवणकाम, भरतकाम, टोप्या, फिती यांवर जगणाऱ्या कारागिरांचा धंदा परदेशी गिऱ्हाइकांवर अवलंबून होता, आणि ते गिऱ्हाईक परत आणण्याचे काम अशाच चित्रांनी केले.

तेव्हा रस्त्यावर मांडलेल्या या भूतकाळाला केवळ खोटे म्हणून झिडकारणे न्यायाचे नाही. तक्रार आहे ती निराळी. मेवाल्डचे नदीकाठचे चित्र पुस्तकापुस्तकांतून छापले गेले; र्‍यू लपिकमधील झटापटीचे चित्र त्या मानाने फार थोड्यांच्या पाहण्यात आहे. परिणामी १९४७ चे पॅरिस म्हणजे ती रेशमी जाकिटातील तरुणी, असे समीकरण लोकांच्या मनात रूढ झाले आणि बाजारातील बायका त्यातून गळून पडल्या. आजही जुन्या धाटणीचे कपडे घालून जुन्या रस्त्यांवर छायाचित्रे घेण्याची हौस ठिकठिकाणी दिसते, आणि तिच्यात निर्मळ आनंदही असतो. मात्र अशा चित्राखाली ते कोणत्या वर्षी घेतले, हे स्पष्ट लिहिलेले असावे. आणि त्या काळाचा इतिहास सांगणाराने सीनकाठच्या तरुणीशेजारी र्‍यू लपिकमधील बायकांनाही जागा द्यावी. तो रस्ता त्यांचाही होता.