अँड्रोसच्या दोन बिनकामाच्या देवता

इ.स.पू. ४८०. सलामिसच्या समुद्रात पर्शियन आरमाराचा धुव्वा उडालाय आणि जिंकलेली ग्रीक जहाजं अँड्रोस नावाच्या बेटाभोवती जमली आहेत. पर्शियनांना साथ दिलीत ना, मग आता पैसे काढा, असा एकूण मामला. अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीस बेटावरच्या लोकांना बजावतो की आम्ही एकटे आलेलो नाही, दोन थोर देवता बरोबर आणल्यात : पेइथो आणि अनांके. पेइथो म्हणजे मन वळवणं. अनांके म्हणजे गत्यंतर नसणं. थोडक्यात, गोडीगुलाबीनं देता की कसं?

हेरोडोटसच्या इतिहासाच्या आठव्या पुस्तकात हा प्रसंग येतो. तो मी कितीतरी वेळा वाचलाय, तो अँड्रोसकरांच्या उत्तरासाठी. ते म्हणाले, तुमच्या देवता कामाच्या, म्हणूनच अथेन्सची एवढी भरभराट आहे. आमचं तसं नाही. आमच्याकडे जमीन तुटपुंजी, आणि दोन बिनकामाच्या देवता आहेत, त्यांना हे बेट इतकं आवडतं की त्या इथून हलायलाच तयार नाहीत. एक पेनिया, म्हणजे गरिबी. दुसरी अमेखानिया, म्हणजे हतबलता. या दोघी पदरी असताना पैसे मिळायचे नाहीत, कारण अथेन्सची ताकद कितीही मोठी असली तरी आमच्या असमर्थतेपेक्षा मोठी होणार नाही.

काय उत्तर आहे! धमकी ज्या भाषेत आली, त्याच भाषेत परत पाठवली.

आता कुणी म्हणेल, ही तर नुसती शब्दांची चलाखी. गरिबी कुठे देवता असते का? मलाही आधी तसंच वाटायचं. पण पेइथोची अथेन्समध्ये खरोखर पूजा होत असे. शहर दरवर्षी तिला बळी अर्पण करतं, असं आयसोक्रेटीस लिहून गेलाय. कोरिंथच्या किल्ल्यावर चढताना वाटेत अनांके आणि बिआ या दोघींचं देवस्थान होतं. बिआ म्हणजे बळजबरी. त्या देवळात आत जायची रीत नाही, अशी नोंद प्रवासी पॉसेनियस करतो. गत्यंतर नसणं आणि बळजबरी एकाच छपराखाली, आणि आत कुणी पाऊल टाकत नाही. हे ज्यानं ठरवलं, त्याला आयुष्याची चांगलीच कल्पना असणार.

याच बिआला एस्किलसच्या नावावर असलेल्या ‘बंदिवान प्रोमिथ्यूस’ या नाटकात रंगमंचावर आणलंय. प्रोमिथ्यूसला खडकाला जखडतात तेव्हा ती तिथे उभी असते. तिचा जोडीदार क्रातोस, म्हणजे सत्ता, भरपूर बोलतो. बिआच्या तोंडी एकही वाक्य नाही.

आणखी एक गंमत लिपीची. तेव्हाच्या ग्रीकमध्ये लहान-मोठी अक्षरं असा भेद नव्हता. त्यामुळे ‘पेनिया’ हा शब्द कुठे साधी गरिबी आहे आणि कुठे देवी, हे लिहिण्यावरून कळत नसे. आजच्या संपादकाला मात्र पहिलं अक्षर मोठं छापायचं की नाही, हे ठरवावंच लागतं. देवनागरीत ती अडचण नाही. आपल्याला तो प्रकार तसा अनोळखीही नाही. घरावर ‘अक्काबाईचा फेरा’ आला असं आपण म्हणतो, ती अक्काबाई म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी. फरक इतकाच, की आपण तिला दाराबाहेर ठेवायला बघतो. अँड्रोसकरांनी तिला दारात उभं केलं, वसुलीवाल्यांच्या समोर.

पुढे काय झालं? वेढा पडला, पण बेट हाती लागलं नाही. ग्रीकांनी नाद सोडला आणि जवळच्या युबिया बेटावरच्या कारिस्टोसचा मुलूख लुटला. त्या कारिस्टोसनं तर घाबरून आधीच पैसे भरले होते!

सुमारे पाचशे वर्षांनी प्लुटार्कनं हीच गोष्ट पुन्हा सांगितली. त्याच्या थेमिस्टोक्लीसच्या जहाजावर पेइथोसोबत अनांके नाही, बिआ आहे. मला हा बदल प्रामाणिक वाटतो. ‘गत्यंतर नाही’ असं म्हटलं की मागणाऱ्याचा हात दिसेनासा होतो, जणू परिस्थितीच पैसे मागतेय.

तरी त्या दोन बिनकामाच्या देवता फार काळ पुरल्या नाहीत. अथेन्सचं साम्राज्य उभं राहिलं. इ.स.पू. ४५४पासून कोणत्या शहरानं किती दिलं, त्यातला साठावा हिस्सा अथीना देवीच्या नावे दगडावर कोरला जाऊ लागला. खंडणी भरणाऱ्यांच्या त्या याद्यांत अँड्रोसचंही नाव आहे. नंतर पेरिक्लीसनं अथेन्सचे २५० नागरिक तिथे वसायला पाठवले, आणि त्यांना जमिनी दिल्या त्या त्याच तुटपुंज्या जमिनीतून.